वाळू रिकामी नसते

यंदाच्या अंकाचा विषय ‘काठ’ असल्याचे संपादकांनी कळवले. नद्यांचे काठ बाकीचे लेखक घेतीलच, अशा हिशेबाने मी मालवणची दांडी निवडली. दुसरे कारण जिभेचे होते, तेही सांगून टाकतो.

मालवणात उतरलेला पर्यटक बहुधा सरळ बंदर जेटीवर जातो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीचे तिकीट काढतो आणि रांगेत उभा राहतो. त्याच जेटीवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की डाव्या हाताला दांडीचा किनारा लागतो. पुढे वायरी, मग तारकर्ली आणि कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे देवबाग. नकाशावर ही एकच पिवळी पट्टी दिसते. प्रत्यक्षात दर शे-दोनशे पावलांवर तिचा कारभार बदलतो.

दांडीला माडांच्या सावलीत गाबित मच्छीमारांची घरे आहेत. दोन माडांना बांबू बांधून त्यावर जाळी पसरलेली असतात आणि खाली बसून कोणीतरी फाटलेले डोळे विणत असते. शेजारच्या अंगणात गोलमो, म्हणजे बारीक जवळा, वाळत असतो आणि कावळ्यांना हाकलायला एखाद्या पोराला बसवलेले असते. त्याच अंगणाच्या तोंडाशी पाटी असते : निवास, न्याहारी, स्कुबा, डॉल्फिन. पाटीखाली पुण्याची नाहीतर कोल्हापूरची गाडी उभी. गाडीच्या पुढच्या चाकापासून भरतीच्या रेषेपर्यंत जी मोकळी वाळू दिसते, ती बघून शहरातला माणूस म्हणतो, ‘वा, काय मोकळी जागा आहे!’ हा लेख त्या मोकळ्या जागेबद्दल आहे.

दोन ओळी आणि एक दोर

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे, लागते ती बहुधा उजाडता उजाडता. होडीत जाळे रचून ठेवलेले असते. ते रचणे हेसुद्धा काम आहे, कारण उलटे रचले तर समुद्रात गुंता होतो. दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी निघते. पाण्यात अर्धवर्तुळ घालत, जाळे सोडत सोडत ती लांबच्या दुसऱ्या ठिकाणी किनाऱ्याला लागते आणि दुसरे टोक तिथल्या लोकांच्या हाती येते. पूर्वी हे सगळे वल्ह्यांवर चाले, आता होडीला यंत्र असते. किनाऱ्यावरचे काम मात्र अजून हाताचेच आहे.

मग दोन ओळी ओढू लागतात. एका ओळीत वीस-पंचवीस माणसे. दोर धरायचा, मागे रेलायचे, वाळूत टाच रोवायची आणि पाऊल मागे घ्यायचे. ओळीतला शेवटचा माणूस पार माडांपर्यंत पोचला, की तो दोर सोडून चालत पाण्याच्या कडेला येतो आणि सगळ्यांच्या पुढे दोर धरतो. मागे कोणीतरी ओढून झालेला दोर वेटोळे करून ठेवत असतो. यात घाई कोणालाच नसते. तास-दीड तास गेला तरी पाण्यावर फक्त तरंगणाऱ्या बोयांची ओळ दिसते. दोन्ही ओळी हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात. जाळ्याची मधली खोळ जवळ आली, की आवाज वाढतात. काही जण छातीभर पाण्यात उतरून जाळ्याची खालची कड पायाने वाळूत दाबून धरतात, कारण मासा निसटतो तो तिथूनच.

या सगळ्यासाठी किती वाळू लागते ते पाहा. दोन ओळींमधले अंतर, प्रत्येक ओळीला मागे जायला पाण्यापासून माडांपर्यंतची लांबी आणि मासळी ओतायला, जाळी पसरायला, होडी वर घ्यायला जागा. समोरच्या पाण्याचा पट्टाही मोकळा हवा. त्यात एखाद्या बोटीचा नांगर पडलेला असेल तर जाळे तिथे अडकते आणि फाटते. मी पाहिलेल्या ओढीत दोर वर येत असताना एक कुटुंब बरोबर मध्ये घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते. ओळीतल्या एका म्हाताऱ्याने हातातला दोर न सोडता त्यांना नुसते ‘वायच सरकतास?’ विचारले. ते सरकले, पण कशासाठी हे त्यांना कळले असेल असे वाटले नाही.

खोळ वाळूवर आली. तारली, पेडवे, थोडा बांगडा, लेपे, चार-दोन खेकडे आणि टोपलीभर झार. झार म्हणजे जेलीफिश. ती अंगाला लागली की खाजवते, जाळे जड करते आणि तिला भाव शून्य. केंड मासा आला तर आणखी पंचाईत, त्याचे दात जाळे कातरतात. वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्याने हाळी दिली, ‘काय गावला?’ खालून उत्तर गेले, ‘काय नाय रे, झारच चड.’ टोपल्यांत मासळी बऱ्यापैकी होती. पण भरलेली टोपली दिसत असतानाही ‘गावला’ असे चारचौघांत म्हणायचे नाही, हा दर्यावरचा जुना शिरस्ता आहे.

वाट्याचा हिशेब

रापण एका माणसाची नसते, कारण तिला एका माणसाचे बळ पुरत नाही. रापणीचा संघ असतो. जाळे हे मुळातच तुकड्यांचे बनते आणि ते तुकडे वेगवेगळ्या घरांच्या मालकीचे असतात. विक्रीतून खर्च वजा जाता जे उरते त्यात जाळ्याचा वाटा वेगळा आणि ओढणाऱ्या अंगमेहनतीचा वेगळा. होडीचा आणि ती चालवणाऱ्या तांडेलाचाही वाटा असतो. घरातला कर्ता माणूस गेला तरी जाळ्याचा तुकडा घराचाच राहतो, त्यामुळे त्याच्या बायकोचा वाटा चालू राहतो. कोणी सहज येऊन ओढायला हात लावला, तर त्याला घरी खायला मासळी मिळते. म्हातारी माणसे, शाळा सुटलेली पोरे, अर्धवट आजारी, सगळ्यांना यात काहीतरी काम आहे आणि त्या कामाला थोडीफार किंमत आहे. सामाजिक सुरक्षिततेवर जाड अहवाल लिहिणाऱ्यांनी एकदा हा हिशेब वाळूवर बसून पाहावा.

एकाच किनाऱ्यावर दोन-तीन रापणी असतील तर पाळी लागते. आधी कोणी जाळे टाकायचे, मासळीचा थवा दिसला आणि पाळी दुसऱ्याची असली तर काय करायचे, याचे नियम आहेत. ते तोंडी आहेत, भांडणे त्यांच्यावरूनच होतात आणि मिटतातही त्यांच्यावरूनच. कुठल्याही सातबाऱ्यावर हा हक्क नाही. सरकारी दप्तरात ही वाळू म्हणजे सरकारी जमीन, एवढीच नोंद.

मासळी ओतली की पुरुषांचे काम जवळपास संपते आणि बायकांचे सुरू होते. टोपली घेऊन बसलेली बाई बांगडा उचलते, अंगठ्याने कल्ला उघडून आतला लाल रंग बघते, पोटावर बोट दाबते आणि परत टाकते. बोली पुकारली जाते ती इतक्या हळू आवाजात, की बाहेरच्याला वाटावे गप्पाच चालल्या आहेत. बोली तुटली की टोपली डोक्यावर, नाहीतर टेम्पोत. संध्याकाळी जेटीच्या बाजूला होड्या लागतात, तेव्हा असाच बाजार मोठ्या प्रमाणावर भरतो. बर्फ, क्रेट, मोबाइलवर गोव्याचा भाव विचारणारे व्यापारी आणि या सगळ्यांच्या पायांतून फिरणारी मांजरे. विकली न गेलेली मासळी खारवली जाते. तारली भरमसाट आली आणि भाव पडला तर ती वाळवून तिची कुटी होते, म्हणजे माडांचे खत. म्हणून वाळू रिकामी दिसली तरी ती वाळवणासाठीही लागते.

खडकांनी आखलेले पाणी

वाळू एवढी लांब आहे, तर रापण जरा पलीकडे ओढावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. मालवणचा समुद्र त्याचे उत्तर देतो. या किनाऱ्यासमोर पाण्याखाली जागोजाग खडक आहेत. रापणीला तळाशी निखळ वाळू लागते, खडकावर जाळ्याच्या चिंध्या होतात. म्हणजे रापण ओढता येईल असे पट्टे ठरावीकच, दोन खडकांच्या मधले. पिढ्यान्‌पिढ्यांनी ते हेरून ठेवलेले आहेत.

याच खडकांनी मालवणला इतिहासात आणले. किनाऱ्यासमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्यामागे हे पाणी होते. ज्याला वाटा माहीत नाहीत अशा खोल तळाच्या जहाजाला किल्ल्याजवळ फिरकणे अवघड. दांडीच्या वाळूवर मोरयाचा धोंडा आहे, त्यावर गणपती, चंद्र-सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहे. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथे झाली, असे मानतात. जवळच पद्मगड, ओहोटीला जिथे पाण्यातून चालत जाता येते. तिथे मराठ्यांची जहाजे बांधली आणि डागडुजी केली जात, असे सांगतात. आज तिथे वेताळाचे देऊळ आहे आणि ओहोटीला कालवे काढणाऱ्या बायका.

नारळी पौर्णिमेला आधी किल्ल्यावरचा मानाचा नारळ समुद्राला जातो, मग शहराचा. बंदरावर नारळ लढवण्याच्या स्पर्धा रंगतात आणि बायकांच्या स्पर्धेला तर पुरुषांपेक्षा जास्त गर्दी होते. सिंधुदुर्ग किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या इतर ११ दुर्गांसह. जेटीच्या उत्तरेला राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाला उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. मे २०२५ मध्ये तिथे नवा उभा राहिला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या भिंती लाटा खात उभ्या आहेत आणि आपले काम नऊ महिने टिकले नाही, यावर मालवणात जे बोलले जाते ते दिवाळी अंकात छापण्यासारखे नाही.

बाहेरचे जाळे

रापणकार वाट बघतो. मासा किनाऱ्याला येईल तेव्हा त्याचा. पर्ससीनवाला वाट बघत नाही, तो मासा असेल तिथे जातो, थव्याभोवती जाळे फिरवतो आणि खालून दोर आवळून थैलीचे तोंड बंद करतो. बांगडा, तारली, पेडवे हे थव्याने फिरणारे मासे आहेत, म्हणजे दोघांची नजर एकाच माशावर. बाहेर थवा उचलला गेला, की किनाऱ्यावर ओढायला झार उरते.

हे भांडण नवीन नाही आणि एकट्या मालवणचेही नाही. शेजारच्या गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकार यांत्रिक नौकांविरुद्ध उभे राहिले. माथानी साल्ढाणा हे त्या चळवळीतले मोठे नाव, पुढे ते आमदार आणि मंत्रीही झाले. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा बांधून दिला गेला. रात्री प्रखर दिवे लावून मासा गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर २०१७ साली केंद्राने बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने कायदा सुधारून दंड लाखांत नेला. कागदावर पारंपरिक मच्छीमाराला आता बरेच काही मिळाले आहे.

समुद्रावर मात्र एका गस्तीनौकेला कित्येक मैल सांभाळायचे असतात. कर्नाटकातल्या मलपीकडचे वेगवान ट्रॉलर येतात तेव्हा त्यांचा पाठलाग करण्याइतका वेग गस्तीनौकेला असावा लागतो. दांडीवर याबद्दल कोणालाही विचारा, चिडण्याआधी तो हसतो. या वादात मी तटस्थ असल्याचा आव आणणार नाही. पर्ससीनवाल्यांनीही कर्जे काढलेली आहेत आणि त्यांच्यातही मालवणीच बोलणारी माणसे आहेत, हे खरे. पण एक पद्धत चाळीस-पन्नास घरांत मासळी वाटते आणि दुसरी मूठभर माणसांत, तेव्हा कायद्याने कोणाच्या बाजूने झुकावे याचा मला फारसा विचार करावा लागत नाही.

घरातल्या घरात

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे, गरीब किनारा आणि श्रीमंत समुद्र. वाळूवर मात्र ती अवघड होते, कारण तिथे बाहेरचा कोणी नाही.

१९८७ साली किल्ल्याच्या आसपासचे २९ चौरस किलोमीटरचे पाणी आणि किनारा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. मच्छीमारांनी विरोध केला, कारण अभयारण्य म्हणजे मासेमारी बंद, हे समीकरण त्यांना जंगलातल्या लोकांवरून माहीत होते. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा ठरला. मग स्कुबा आले. किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे, समुद्री शेवाळ आहे, रंगीत मासे आहेत. जे खडक जाळी फाडत म्हणून शिव्या खात, तेच आता दर डोई पैसे देऊ लागले. आणि खडकांच्या वाटा कोणाला पाठ? गाबितांच्या पोरांना. जे पाणी राखीव होऊ नये म्हणून आजोबा मोर्च्यात गेले, त्याच पाण्यात नातू पाहुण्यांना हात धरून बुडवून आणतो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही आहे.

एका घराचे चित्र म्हणून पाहा. आजोबांचा रापणीत तुकडा. वडिलांची फायबरची छोटी होडी, तिच्यावरून ते कांडाळ जाळे टाकतात. मोठा मुलगा मोसमात जलक्रीडेच्या बोटीवर. आईने वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या आणि सकाळी घावणे ती करते. सुनेने इंटरनेटवर खोल्यांची जाहिरात टाकलेली. असे घर दांडी-वायरीत शोधावे लागत नाही. आता मोठ्या मुलाच्या बोटीचा नांगर आजोबांच्या रापणीच्या पाण्यात पडला, तर तक्रार कोणी कोणाकडे करायची? ती जेवताना होते आणि तिथेच गिळली जाते.

पैशाचा हिशेब सरळ पर्यटनाच्या बाजूने आहे. दिवाळीच्या सुट्टीतला एक दिवस वाईट रापणीच्या आठवड्याला भारी पडतो. पोरांना दोष देण्यात अर्थ नाही, दोर ओढून पाठ मोडते ती त्यांनी लहानपणापासून बघितलेली असते. अडचण संख्येची आहे. रापणीला चाळीस माणसे लागतात. तीस आली तर तीन चतुर्थांश रापण ओढली जात नाही, ती होतच नाही. म्हणून काही संघ बाहेरून मजूर आणतात. पर्यटकांना हौसेने दोर धरायला देतात तेही मी पाहिले. फोटो निघतात, दहा मिनिटांत हात सोलतात आणि जागा पुन्हा रिकामी होते.

पर्यटनाचे धोके पर्यटनाबरोबरच येतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक बुडाले. त्यानंतर परवाने, जीवरक्षक जॅकेट, प्रवासीसंख्या यांवर कडक तपासणी झाली. पावसाळ्यात तर सगळेच बंद असते. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी, किल्ल्याच्या होड्या बंद, जलक्रीडा बंद. पर्यटनावरच विसंबलेल्या घराला ते महिने जड जातात. रापणीच्या जमान्यात लोक हे महिने सुक्या मासळीवर आणि जाळी विणण्यावर भागवत.

ताटातला मासा

मालवणात जेवायला बसलेला पाहुणा काय मागतो? सुरमई, म्हणजे इथली इसवण. पापलेट, म्हणजे सरंगा. मोठी कोळंबी. यांतले रापणीत क्वचितच काही येते. रापण देते बांगडा, तारली, पेडवे, लेपे, सौंदाळे. थाळीची मागणी आणि समोरच्या वाळूवरची मासळी यांची गाठ पडत नाही. मागणीला एकटा मालवणचा समुद्र कसा पुरणार? त्यामुळे ताटातली इसवण पाहुण्याइतकाच प्रवास करून आलेली असू शकते आणि तिचे बर्फात गेलेले दिवस कितीही मसाल्याने झाकले जात नाहीत.

याउलट तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले किंवा केळीच्या पानात भाजलेले पेडवे घरच्या माणसांच्या ताटात असतात आणि पाहुण्याला विचारले जात नाही, कारण त्याला काटे चालत नाहीत अशी समजूत झाली आहे. मी राहिलो त्या घरी हट्टाने पेडवे मागितले. बाईंनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिले, मग म्हणाल्या, ‘खातलास? मगे सांगूचा नाय पयलां?’ जेवण दोन तास चालले. हा तपशील लेखाला आवश्यक नाही, पण मी तो गाळणार नाही.

जास्त महत्त्वाची गोष्ट अशी, की रापणीची मासळी दांडीवरच्याच खानावळींत खपली, तर तिला बोलीपेक्षा बरा भाव येईल. चाळीस माणसांना ओढायला यावेसे वाटेल. मग नांगर कुठे टाकायचा आणि गाडी कुठे लावायची यावर घरातल्या घरात बोलणे सोपे होईल. रापणीचे पट्टे मोजून नकाशावर आणणे आणि त्या पाण्यात रापणीच्या वेळात बोटी न उभ्या करणे, हे काम नगरपालिका, मत्स्यव्यवसाय विभाग आणि बंदर खाते मिळून एका हंगामात करू शकतात. त्याला निधी लागत नाही. रापण संघांच्या जाणत्यांना बोलावून ते कुठे बोट ठेवतात हे पाहावे लागेल, इतकेच.

हा अंक हाती पडेल तेव्हा रापणीचा हंगाम भरात असेल आणि मालवणच्या खोल्याही भरलेल्या असतील. जाणार असाल तर गाडी वर रस्त्यावर लावा, वाळूत आणू नका. दोर ताणलेला दिसला तर तो ओलांडू नका, मागून माडांच्या बाजूने जा. फोटो काढण्याआधी विचारा. आणि जेवताना सुरमई सोडून ‘आज रापणीक काय गावला?’ एवढे विचारा. जे गावले असेल ते मागवा, काट्यांसकट.